एक्स्प्लेनर : अंथरूण न पाहणारा कंट्रोलर आणि वर्गात राहून जाणारा धडा

उन्हातून घरी आलो की आपण एसी थेट १६ वर करतो. खोली लवकर गार होईल असं वाटतं. पण खोली तापलेली असताना कॉम्प्रेसर २४ वरही पूर्ण ताकदीनेच चालू असतो. १६ चं बटण दाबल्याने त्याला जास्तीचं बळ येत नाही.

कंट्रोल इंजिनिअरिंगमध्ये याला ‘ॲक्च्युएटर सॅच्युरेशन’ म्हणतात. कंट्रोलर म्हणजे मेंदू. मोटर, व्हॉल्व्ह, हीटर हे ॲक्च्युएटर म्हणजे हात. मेंदूने कितीही मागितलं तरी हातांना मर्यादा असतेच. गडबड होते, ती मेंदूला ही मर्यादा माहीत नसते तेव्हा.

‘वाइंडअप’ म्हणजे काय?

कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा पीआयडी कंट्रोलर ‘हवं ते’ आणि ‘आहे ते’ यातला फरक सतत जमा करतो आणि त्यानुसार जोर वाढवतो. पण वाफेचा व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा असेल तर? जोर वाढत नाही, वहीतली उधारी तेवढी वाढते. तापमान हव्या आकड्यावर आलं तरी ही उधारी फिटेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि तापमान वर निघून जातं.

हे मी शिकलो ते शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये. आमचा दोन चाकी रोबो कॉम्प्युटरवर छान तोल सांभाळायचा. प्रत्यक्षात हातात तिरका धरून खाली ठेवला की सुसाट पळायचा. आर्डुइनोवर मोटरला जास्तीत जास्त २५५ चा आकडा देता येत होता. आमचा कंट्रोलर हजारोंनी मागत होता. उपाय निघाला एका ओळीचा : मर्यादा गाठली की बेरीज थांबवायची. यालाच ‘अँटी-वाइंडअप’ म्हणतात.

विमानात हेच झालं तर?

रोबो पडला की हसू येतं. ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोमच्या वॉटर फेस्टिव्हलमध्ये स्वीडनचं ग्रिपेन लढाऊ विमान गर्दीसमोर कोसळलं. चपळाईसाठी हे विमान मुद्दाम अस्थिर ठेवलेलं असतं. त्याचा तोल कॉम्प्युटर सांभाळतो. पायलटने स्टिक वेगाने फिरवली, पण पंखांवरचे हलते भाग ठरावीक वेगापलीकडे वळू शकत नव्हते. प्रतिसाद उशिरा आला, पायलटने आणखी जोर लावला आणि विमान हाताबाहेर गेलं. पायलट बाहेर पडला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. त्यानंतर विमानाच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा झाल्या.

इथे नुसतं अँटी-वाइंडअप पुरत नाही. अस्थिर यंत्राचा तोल एका हद्दीपलीकडे गेला, तर कोणताही कंट्रोलर त्याला परत आणू शकत नाही. म्हणून ताकद आधीच राखून ठेवावी लागते.

मग मोठी मोटर लावली तर?

वजन वाढतं, खर्च वाढतो आणि त्या मोटरलाही मर्यादा असतेच.

आमच्या वर्गात रूट लोकस, बोडे प्लॉट सगळं झालं. सॅच्युरेशन शेवटच्या युनिटमध्ये होतं. परीक्षा जवळ आली आणि ते राहून गेलं. आधी सोपं, सरळ रेषेतलं गणित शिकवणं योग्यच आहे, त्याशिवाय पाया पक्का होत नाही. पण पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये मर्यादा दाखवायला काय हरकत आहे? सिम्युलिंकमध्ये सॅच्युरेशनचा ब्लॉक जोडायला मिनिटही लागत नाही.

प्रोजेक्टच्या व्हायवात सरांनी, मॅडमनी एक प्रश्न नक्की विचारावा : ‘तुमची मोटर कुठे थांबते आणि तिथे पोहोचल्यावर तुमचा कंट्रोलर काय करतो?’ आम्हाला कुणी विचारलं असतं, तर रोबो टेबलावरून पडण्याआधीच आम्ही उत्तर शोधलं असतं.