चौदा ऑगस्टची पाच नावे

ऑगस्ट लागला की वसई-विरारच्या शाळांच्या मैदानांवर लेझीम घुमू लागते. समूहगीताचा सराव, कवायत, पावसाची सर आली की व्हरांड्यात धाव. मला हा गजबजाट मनापासून आवडतो. मुलांनी झेंड्यापुढे ताठ उभे राहावे, गळा मोकळा करून गावे. हे ज्या वयात मनात उतरते त्याच वयात उतरलेले बरे. पण या धांदलीत १४ ऑगस्ट कोरडाच निघून जातो, आणि तो तर आपल्या जिल्ह्याचा दिवस आहे.

१९४२ साल. ‘छोडो भारत’चा ठराव होऊन आठवडाही उलटला नव्हता. पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायला गावोगावचे लोक मोर्चाने निघाले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरबे गावचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी हे पाच जण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा चौकाला लोक पाचबत्ती म्हणतात, ते यांच्यामुळे. विरारहून डहाणू लोकल धरली तर तासाच्या आत तिथे पोहोचता येते. आपल्या मुलांना मात्र झाशी ठाऊक असते, जालियनवाला बाग ठाऊक असते आणि सातपाटी फक्त पापलेटपुरती.

मोर्चा कचेरीवरच का गेला, हे मुलांना जरूर विचारावे. गावकऱ्याला इंग्रज सरकार भेटायचे ते कचेरीतच. सारा तिथे, हुकूम तिथे, शिक्षा तिथे. आज त्याच तहसील कचेरीतून मुलाला उत्पन्नाचा दाखला मिळतो. तो दाखला काढताना अर्ज स्वतः लिहिणे, रांगेत उभे राहणे, पोच मागून घेणे आणि कुणाच्याही हातात नोट न सरकवणे हे मुलाने आईबापांसोबत एकदा तरी पाहिले, तर नागरिकशास्त्राचा अर्धा धडा झालाच. कचेरी आता आपली आहे आणि तिने आपल्याला उत्तर द्यायचे आहे. यासाठीच तर ते पाच जण गेले.

मात्र हे सारे मुलांवर सक्तीने लादून चालणार नाही. अमेरिकेत वाढणारी आपली मराठी मुले सकाळी शाळेत छातीवर हात ठेवून तिथल्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. पण १९४३ साली, ऐन महायुद्धात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झेंड्याला वंदन करायची आणि ती प्रतिज्ञा म्हणायची सक्ती कोणत्याही मुलावर करता येणार नाही. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. देशाविषयीचे प्रेम हुकमाने येत नाही, ते ओळखीने येते. आपल्या मुलांना ती ओळख करून देण्याचे काम आपले आहे.

आणि ओळखीसाठी वसईइतकी श्रीमंत जागा कुठे आहे? सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली भुईगावला नवव्याचा. या नवव्या लेखात राजा सांगतो की लोक लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. दास-चाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जीवमात्राला न दुखवणे, हा खरा फळ देणारा विधी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आपल्याच किनाऱ्यावर सापडले आहे. मला ते वाचताना हमखास शाळेतल्या मावशी आठवतात. पंधरा ऑगस्टला उजाडायच्या आत त्या मैदान झाडतात आणि कार्यक्रम संपल्यावर चिखलात तुडवलेले कागदी झेंडे वेचतात. हे काम त्या दिवशी मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून करावे, मावशींना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. मुले यातून जे शिकतील ते कुठल्याही भाषणातून शिकणार नाहीत.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचायचे ठरले. वसई-विरारच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, यंदा १४ ऑगस्टच्या परिपाठात उद्देशिकेनंतर ही पाच नावे गावांसकट वाचून घ्या. वाचायला मुलांनाच पुढे बोलवा. दोन मिनिटेही लागणार नाहीत.