डबा तोच, डोकं नवं!

फ्रेंड्स, खरं सांगा, घरातला जुना डेस्कटॉप ऑन करून तुम्ही चहा टाकायला जाता ना? आणि चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरतंच असतं! मग आधी आठवतो नवा लॅपटॉप, आणि लगेच पाठोपाठ ईएमआय. बॉस, जरा थांबा. आधी डबा उघडून तर बघू या!

बेसाच्या माझ्या फ्लॅटमधला डबा २०१२ सालचा. इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर आणि एच६१ मदरबोर्ड. फ्रीलान्सरचं गणित तुम्हाला माहीतच आहे, काम आज आणि पेमेंट दोन महिन्यांनी! नव्या मशीनचा हप्ता म्हणजे थेट घरभाड्यालाच कात्री. बर्डीवरचा एक दुकानदार मात्र ठाम होता, ‘भंगारात काढा मॅडम, जुन्यात कायले पैसे घालून राह्यले?’

पण मुळात मशीन स्लो का होतं? टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर बिचाऱ्या प्रोसेसरचा काहीच दोष नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, अर्धं टेन्शन खल्लास! रॅम भरलेली दिसली तर रॅम वाढवा. सीपीयूच १०० वर अडकत असेल, तरच प्रोसेसर बदलायचा. माझ्याकडे एसएसडी होती, रॅमही पुरेशी होती. पण व्हिडिओ कॉल आणि एडिटिंग एकदम सुरू केलं की सीपीयू धापा टाकायचा.

आता मेन फंडा. कुठला प्रोसेसर घ्यायचा हे आपण नाही, मदरबोर्ड ठरवतो. माझ्या बोर्डाचं सॉकेट ११५५. त्यात इंटेलची २०११ ची दुसरी आणि २०१२ ची तिसरी पिढी बसते, चौथी नाही. नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. सहावी-सातवी आणि आठवी-नववी, दोन्ही जोड्यांचं सॉकेट ११५१च, तरी एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. म्हणून सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचं मॉडेल बघा आणि कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट तपासा.

मी सेकंडहँड आय७-३७७० घेतला. दोन कोअरच्या जागी चार! आधी जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट केलं, तेही यूपीएसवर, कारण मध्येच लाइट गेली तर बोर्डच जायचा. सॉकेटमधल्या नाजूक पिनांना बोट लावायचं नाही. जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावायची. आय३ चा ६५ वॉटचा, आय७ चा ७७, म्हणून फॅनही मोठा घेतला. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या नागपूरकराला कूलरचं महत्त्व वेगळं सांगायला नकोच!

आता कॉल आणि एडिटिंग एकत्र चालतं. पण एक लोचा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनच एन्ट्री. म्हणजे माझा आय७ बाहेर! मी उबुंटू टाकलं. लिहिणं, ब्राउझिंग, कॉल सगळं मस्त चाललंय. तुमच्या ऑफिसला मात्र विंडोजचंच सॉफ्टवेअर हवं असेल, तर इतक्या जुन्या बोर्डावर पैसे घालू नका.

खरी लॉटरी एएम४ सॉकेटवाल्यांची. २०१७ साली पहिल्या रायझनसोबत आलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अपडेट केलं की, २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही बसतात. ते विंडोज ११ च्या यादीतही आहेत. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि मशीन पुन्हा तरुण!

तर या वीकएंडला मॉल कॅन्सल. बोर्डाचं मॉडेल आणि सॉकेट कागदावर लिहा, टास्क मॅनेजरवर नजर टाका आणि मगच बर्डी गाठा. काय घ्यायचं हे दुकानदाराने तुम्हाला सांगण्यापेक्षा तुम्ही त्याला सांगा. हप्ता वाचला तर पार्टी तो बनती है, राजेहो!