बाटलीचं झाकण कोण लावतं?

पोस्ट लांब आहे. विषय असा आहे की आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो, पण चारचौघात कुणी बोलत नाही. आधीच सांगून टाकतो, मी दारूबंदीवाला नाही आणि दारूचा प्रचारकही नाही. मी स्वतः घेत आलोय. ज्यांना धक्का बसला त्यांनी माफ करावं, ज्यांना माहीत होतं त्यांनी हसू नये.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुण्याला पुतण्याकडे गेलो होतो. मंगळवारची रात्र. जेवायला मेथीची भाजी, ठेचा आणि ज्वारीची भाकरी, पीठ आमच्याकडूनच गेलेलं. पानं वाढली आणि सूनबाईनं फ्रीजमधून लाल वाईनची बाटली काढून टेबलावर ठेवली. नाशिकची. पुतण्या म्हणाला, "काका, थोडी घेणार का?" शेजारी माझी बायको. मी म्हणालो, "नको रे, मला नाही चालत." इतकं धडधडीत खोटं मी बातमीत कधी लिहिलं नाही. बायको खाली बघून भाकरी मोडत राहिली.

त्या दोघांनी अर्धा अर्धा ग्लास घेतला. जेवता जेवता ऑफिसचं, घराच्या हप्त्याचं बोलणं झालं. मग सूनबाईनं बाटलीला झाकण लावलं आणि ती परत फ्रीजमध्ये ठेवली. बाटलीत निम्मी वाईन शिल्लक होती आणि पुतण्या काहीच बोलला नाही.

मित्रांनो, माझ्या वीस वर्षांच्या अनुभवात बाटली निम्मी ठेवून उठलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आपल्याकडची पद्धत कशी आहे बघा. आपण "प्यायची का?" असं म्हणतसुद्धा नाही. आपण "बसायचं का?" म्हणतो. पान लागलं, नऊ वाजले की फोन येतो. वसमत रोड नाहीतर जिंतूर रोडला कुठंतरी ढाबा. उपाशी पोटी क्वार्टर, सोबत शेंगदाणे नाहीतर चिवडा. जेवण सगळ्यात शेवटी, तेही बऱ्याचदा होत नाही. अकराला गाडीला किक. घरी ताट झाकून ठेवलेलं, भाकरी वातड झालेली, आणि बायको जागी असून झोपल्यासारखी. आमच्यातलाच एक जण असाच परत येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता हे खरं. पण याच्या रक्तात काय होतं, हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जीव वाचला, पाय अधू झाला. आम्ही पंधरा दिवस बसलो नाही, मग परत बसलो.

गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आम्ही ही बातमी प्रत्येक 31 डिसेंबरला छापतो, आणि छापून बसायला जातो.

आता जरा कायद्याचं. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार घरात बसून प्यायलासुद्धा परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा 5 रुपयांना, आयुष्यभराचा 1,000 रुपयांना. वय बिअर आणि वाईनला 21, बाकीच्याला 25. तुमच्यापैकी किती जणांनी तो कागद डोळ्यांनी पाहिलाय? म्हणजे कागदावर सगळी बंदी आहे, आणि तिजोरीत सगळा महसूल आहे.

27 जानेवारी 2022 ला तेव्हाच्या सरकारनं हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. कारण सांगितलं द्राक्ष उत्पादकांचं. विरोधकांनी "मद्यराष्ट्र" म्हणून झोडपलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, तिकडून "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं उत्तर आलं. निर्णय काही अमलात आला नाही. या सगळ्या गदारोळात चर्चा कुठं विकायची याची झाली. घरी आल्यावर काय होतं, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडं तर "वाईन शॉप" अशी पाटी असते आणि आत माणसं व्हिस्कीचीच क्वार्टर मागतात.

"वाईन म्हणजे दारू नव्हे" हे मात्र कुणी ऐकून घेऊ नका. हिशोब साधा आहे. 13 टक्क्यांच्या वाईनचा 150 मिलीचा एक ग्लास म्हणजे साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचा 60 मिलीचा पेग म्हणजे 20 ग्रॅम. अख्खी क्वार्टर म्हणजे 60 ग्रॅम. आणि वाईनची पूर्ण 750 मिलीची बाटली म्हणजे 75 ग्रॅमच्या वर, क्वार्टरपेक्षा जास्त! भरल्या पोटी सावकाश घेतली तर ती रक्तात हळू चढते, एवढाच जेवणाचा फायदा. यकृताला लाल द्राक्षं आणि मळी यात फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्टच सांगितलंय, आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. तेव्हा "हृदयाला चांगली असते" हे पुण्याच्या टेबलावरचं वाक्यही तिथंच ठेवायचं.

आणि पैशाचं. जून 2025 मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, विदेशीला 205. रोज एक देशी क्वार्टर धरली तर महिन्याला 2,400. रोज एक विदेशी धरली तर 6,150. लाडक्या बहिणीला महिन्याला मिळतात 1,500. म्हणजे एका हातानं बहिणीच्या खात्यात जे टाकलं, त्यापेक्षा जास्त त्याच घरातून दुसऱ्या हातानं दुकानात गेलं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला मी "जेवणासोबत ग्लास घे" असलं काही सांगणार नाही. त्याच्या घरात पहिला प्रश्न ताटात काय आहे हा असतो.

तर पुण्याहून परत येताना माझ्या डोक्यात एक कल्पना शिजत होती. गाडीत बसल्या बसल्या बायकोला म्हणालो, "ढाब्यावर जाणं बंद करतो. उघड्यावर, रस्त्यावर गाडी चालवायची भानगड नको. आठवड्यातून एखाद्या दिवशी घरीच, जेवताना, तुझ्यासमोर. त्यांच्यासारखं." मला वाटलं खूश होईल.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, आमच्या दादांची बाटली घरातच असायची. फळीवर, डाळीच्या डब्यामागं. आई त्यांच्या पुढ्यात ताट ठेवून बसायची, केव्हा संपतंय म्हणून. आम्ही भावंडं दप्तर घेऊन शेजारच्या ओट्यावर. तुमचं बाहेरचं बसणं मला आवडत नाही. पण घरात नको."

लग्नाला बावीस वर्षं झाली. हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, घरात की बाहेर, वाईन की व्हिस्की, सुपरमार्केट की वाईन शॉप, हे सगळे नंतरचे प्रश्न आहेत. पुण्याच्या त्या टेबलावर मला जे आवडलं होतं ते वाईनचं कौतुक नव्हतं. झाकण सूनबाईनं लावलं आणि ते कुणाला खटकलं नाही, हे आवडलं होतं. सासूबाईंच्या घरातही बाटली जेवणासोबतच होती. पण तिथं झाकण लावायचा अधिकार त्यांना नव्हता.

सरकारनं बाईला एक अधिकार दिलाय. वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान घ्यावं लागतं, आणि "आडव्या बाटली"ला पुरेसा पाठिंबा मिळाला तर दुकान बंद. चांगला नियम आहे. पण गल्लीतलं दुकान आडवं करायला तिला शेकडो सह्या गोळा कराव्या लागतात, याचं कारण घरात तिचा एकटीचा "नको" मोजला जात नाही.

माझ्यापुरतं सांगतो. घरात आणली नाही, आणणारही नाही. तिनं नको म्हटलंय, विषय संपला. ढाब्यावर जाणं सुटलं असं म्हणालो तर तुमच्यातलेच दोघं-तिघं कॉमेंटमध्ये मला उघडं पाडतील. कमी झालंय. गेलो तर गाडी घरी ठेवून जातो, आणि साडेनऊला घरी येऊन तिच्यासोबत जेवतो. ताट झाकायची वेळ येऊ देत नाही. महिन्यातून दोनदा चुकतो, तेव्हा तसं तोंडावर सांगतो.

तुमच्या घरी दोघांना पसंत असेल, लेकरांना भीती वाटत नसेल, किराण्याचे पैसे त्यात जात नसतील, तर जेवताना ग्लासभर घेणाऱ्या नवरा-बायकोला मी नावं ठेवणार नाही. लोक काय म्हणतील म्हणून डाळीच्या डब्यामागं लपवण्यापेक्षा ते बरं. पण आधी घरात एकदा विचारा. रात्री घेऊन आल्यावर नाही हां, सकाळी चहा पिताना विचारा. आणि उत्तर काय येतंय ते पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका.

काय उत्तर आलं ते इथं लिहायची गरज नाही. ज्यांना लिहावंसं वाटेल, त्यांचं स्वागत. आणि हो, ताई-वहिनींनी लिहिलं तर जास्त आनंद होईल. या विषयावर आजवर आम्ही पुरुषच बोलत आलोय, तेही बसल्यावर.