१५१६ चा 'शुद्धतेचा कायदा' आणि गव्हाची बिअर

उस्मानपुऱ्यात हौशी मित्रमंडळी जमते, चार-पाच प्रकारच्या गव्हाच्या बिअर शेजारीशेजारी मांडल्या जातात आणि तुलना सुरू होते. एकीचा गढूळपणा उजेडात धरून पाहायचा, दुसरीत केळ्याचा आणि लवंगेचा वास शोधायचा, बेल्जियन प्रकारातले धणे व संत्र्याची साल ओळखायची. या रसिकतेवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो तिच्या मागोमाग हमखास येणाऱ्या वाक्यावर : "१५१६ पासूनची शुद्ध बव्हेरियन परंपरा आहे ही!"

हे विधान साफ चुकीचे आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनी काढलेल्या फर्मानात बिअरसाठी तीनच जिन्नस सांगितले आहेत : जव, हॉप्स आणि पाणी. गव्हाचे नावही नाही! ज्या कायद्याचा दाखला देऊन गव्हाची बिअर मिरवली जाते, त्यानेच तिला बाद ठरवले होते. केळे-लवंगेचा तो वास ज्या यीस्टमुळे येतो, त्याचाही तेथे उल्लेख नाही. फर्मानाचा आरंभ तर चक्क भाव बांधून देण्याने होतो. साधारण लिटरभराच्या 'मास' या मापाला हिवाळ्यात एक फेनिग, उन्हाळ्यात फार तर दोन. 'शुद्धतेचा कायदा' हे नाव रूढ झाले ते विसाव्या शतकात.

गहू वगळण्यामागे तो भाकरी-पावासाठी राखण्याचा हेतू होता, असे इतिहासकार साधारणपणे मानतात. पण हा नियम सर्वांना सारखा लागू नव्हता. डेगेनबर्ग या सरदार घराण्याला गव्हाची बिअर गाळण्याचा खास हक्क मिळाला. १६०२ मध्ये तो वंश खुंटला, तेव्हा ड्यूक माक्सिमिलियनने हा हक्क स्वतःकडे घेतला आणि मक्तेदारीच्या पैशाने खजिना भरला. प्रजेला निषिद्ध असलेले धान्य राजाच्या भट्टीत शिरताच चालू लागले. कौटिल्याला यात नवल वाटले नसते. अर्थशास्त्रातला सुराध्यक्ष मद्यावरची राजसत्ताच सांभाळतो आणि तांदळाच्या 'मेदका'चे प्रमाणही तेथे नोंदलेले आहे.

तेव्हा परंपरेचा हवाला द्यायचाच, तर १५१६ चा खरा प्रश्न उचलावा : टंचाईत माणसाच्या तोंडचे काय राखायचे आणि मद्याला काय द्यायचे? तो विचारायला बव्हेरियाला जाण्याची गरज नाही. उस्मानपुऱ्याच्या पश्चिमेला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत आणि तेथले पाणी जायकवाडीचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला धावत होती. पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर. त्याच महिन्याच्या २६ तारखेला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगाच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. इंगोलश्टाटच्या फर्मानाला तेव्हा पाचशे वर्षे आणि तीन दिवस झाले होते.

कारखान्यांचा वाटा मुळात थोडा, असा बचाव त्या वेळी झालाच. असेलही थोडा. पण हॉप्स कोणत्या खोऱ्यातले हे चवीवरून सांगू पाहणाऱ्या रसिकांना ग्लासातले पाणी कोणत्या धरणाचे, हा प्रश्न अजून पडलेला दिसत नाही.