समिती आली व गेली, छपराचे काय?

विधिमंडळाची समिती जिल्ह्यास भेट देणार अशी वर्दी आली की जिल्हा परिषदेच्या आवारात जी धांदल उडते ती ज्याने एकदा पाहिली आहे त्यास तिचे वर्णन नको. वर्षानुवर्षे ज्या कपाटांस हात लागला नव्हता त्यांतील दप्तरे खाली उतरतात, रस्त्यालगतच्या शाळांच्या भिंतींस चुना लागतो, आणि ज्या गुरुजींचे दर्शन गावास क्वचित घडे ते घंटेच्या आधी अर्धा तास दारात उभे दिसतात. समिती विश्रामगृहात उतरते, बंद दाराआड अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते, मोटारींच्या ताफ्यातून चार गावे पाहते आणि परत जाते. चुना पुढल्या पावसात धुऊन जातो. छप्पर मात्र आधी गळत होते तसेच गळत राहते.

हा आमचा टोमणा समितीच्या अस्तित्वावर नाही. प्रजेच्या पैशाचा हिशेब प्रजेच्या प्रतिनिधींनी मागावा, हा हक्क फुकट मिळालेला नाही. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने १८६१ साली लोकलेखा समिती नेमली. हिंदुस्थानात तशी समिती निघण्यास १९२१ साल उजाडले. १९०२ साली नामदार गोखले यांनी सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाची चिरफाड केली तेव्हा त्यांस त्यावर मत देण्याचाही अधिकार नव्हता. परभणीचा जिल्हा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. जो हक्क आमच्या वाडवडिलांना इतक्या उशिरा लाभला तो पाहुणचारात आणि फायलींच्या ढिगाऱ्यात विरून जावा, हे आम्हांस खपत नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या कारभारावर नजर ठेवण्यास विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची मिळून पंचायती राज समिती आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप आणि वार्षिक प्रशासन अहवाल हे तिचे मुख्य साहित्य. तिच्यापुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची साक्ष होते, मागाहून खात्याच्या सचिवाची मुंबईत होते, आणि अहवाल सभागृहापुढे ठेवला जातो. योजना उत्तम आहे. पण आक्षेप ज्या वर्षाचा असतो ते वर्ष जाऊन बहुधा बराच काळ लोटलेला असतो. ज्याच्या हातून चूक झाली तो बदलून गेलेला किंवा पेन्शन घेऊन घरी बसलेला असतो. आणि जो साक्षीस उभा राहतो तो ‘हे माझ्या आधीचे आहे’ असे म्हणून सुटतो. वकिलीच्या धंद्यात आम्ही पुष्कळ साक्षीदार पाहिले, पण इतक्या सोयीचा बचाव फौजदारी कोर्टातही क्वचितच ऐकला.

शिक्षण विभागाचे उदाहरण घेऊ, कारण जिल्हा परिषदेचे सर्वांत मोठे मनुष्यबळ आणि सर्वांत विखुरलेल्या इमारती याच विभागाकडे आहेत. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने या दोन गोष्टी एकत्र बांधल्या. त्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली सांगितली आहे. कलम २६ म्हणते की शाळेतील मंजूर पदांपैकी शेकडा दहाहून अधिक पदे रिकामी राहता कामा नयेत. आणि कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकास अन्य कामास जुंपता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने शिक्षक व खोली ही एकच बाब झाली. सरकारी दप्तरात मात्र शिक्षकांची आस्थापना एका टेबलावर आणि इमारतींचे बांधकाम दुसऱ्या विभागात. यामुळे जेथे खोली आहे तेथे गुरुजी नाहीत व जेथे गुरुजी आहेत तेथे दोन इयत्ता एका ओसरीत बसल्या आहेत, ही स्थिती कोणाच्याच कागदावर उमटत नाही.

इमारतींची गोष्ट तर जिवावरची आहे. मराठवाड्यात निजामी अमदानीतील शाळागृहे अजून आढळतात. त्यात आमची जमीन काळी, पावसात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर पाया नीट न घातल्यास नवी भिंतही थोड्या वर्षांत तडकते. अशी खोली धोक्याची ठरली की मुख्याध्यापकाने कळवायचे, गटशिक्षणाधिकाऱ्याने पुढे पाठवायचे, अभियंत्याने पाहायचे, मग निर्लेखनाचा प्रस्ताव तयार व्हायचा, त्यास मंजुरी मिळायची, आणि त्यानंतर ती पाडायची. या साखळीतील प्रत्येक कडीस ‘आम्ही वर कळविले आहे’ असे म्हणण्याची मुभा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे सात मुले गेली. दोन्ही वेळी चौकशीचे आदेश तत्काळ सुटले. तत्काळ सुटण्याची सवय निर्लेखनाच्या मंजुरीस का लागत नाही?

कर्मचाऱ्यांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम. घरभाड्यासाठी तशा आशयाचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. २०२२ साली विधानसभेत हा प्रश्न निघाला आणि शिक्षकांनी त्यावर मोर्चा काढला. शहरात राहून गावात राहत असल्याचा कागद मिळवणे हे लबाडीचेच होय. पण ज्या गावात भाड्याने खोली मिळत नाही व सरकारी निवासस्थानाचे दार-खिडक्या कधीच निघून गेल्या, तेथे बाईंनी लेकरांसह राहावे कोठे, हे नियम करणाऱ्याने सांगितलेले नाही. इमारत राखली असती तर लबाडीस निमित्त उरले नसते.

हे सर्व समितीच्या ध्यानी येत नसेल असे नाही. पण तिचे कामकाज गुप्त चालते, आणि गुप्ततेत काय काय माजते याचा नमुना मे २०२५ मध्ये धुळ्यास दिसला. अंदाज समितीचा दौरा चालू असता तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली, आणि विशेष तपास पथकाची घोषणा करावी लागली. ती रक्कम कोणाची व कशासाठी, हे तपास व न्यायालये ठरवोत. आम्ही निकाल देत नाही. पण तपासणीचे दार उघडे असते तर लोकांच्या मनात आलेली शंका मुळात उद्भवती ना.

लंडनमध्ये हीच गोष्ट उघड्यावर होते. जून २०२३ मध्ये तेथील लेखापरीक्षा कार्यालयाने सांगितले की सुमारे सात लाख मुले मोठ्या दुरुस्तीची वा पुनर्बांधणीची गरज असलेल्या शाळांत शिकत आहेत. ऑगस्टअखेर ठिसूळ काँक्रीटमुळे शंभरावर शाळांच्या इमारती बंद कराव्या लागल्या, आणि लोकलेखा समितीने शिक्षण खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांस लोकांसमक्ष जाब विचारला. तेथेही दुखणे उशिराच कळले. पण प्रश्न कोणता विचारला व उत्तर काय मिळाले, हे शाळेतल्या मुलाच्या आईस वाचता आले.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर परभणीची जिल्हा परिषद कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. गावचा प्रतिनिधी सभागृहात नसता विधिमंडळाची समिती हीच काय ती विचारपूस होती. म्हणून पुढल्या वेळी समिती येईल तेव्हा तिने पहिली बैठक विश्रामगृहात घेऊ नये. जिंतूर, पालम, सोनपेठ, कोठेही जेथे धोक्याची पाटी लागलेली खोली असेल, तेथल्या आवारात झाडाखाली सतरंजी अंथरावी. गुरुजी, सरपंच व पालक यांस समोर बसवावे. खात्याचे अधिकारी, बांधकामाचा अभियंता व आस्थापनेचा कारकून यांस एकाच वेळी उभे करावे. आणि सर्वांसमक्ष एवढेच विचारावे की या खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि तो तेथे किती दिवस पडला आहे.