डोहाळजेवणात न विचारला जाणारा आकडा

सातवा महिना लागला की हिरव्या साडीची खरेदी निघते. फुलांची वाडी, हिरवा चुडा, सजवलेला झोपाळा आणि हल्ली त्याच्या जोडीला धनुष्यबाण घेऊन काढायचे फोटो. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडायची. पेढा निघाला तर एक भाकीत, बर्फी निघाली तर दुसरे, आणि दोन्ही वेळा हशा तोच. पोट पुढे आले आहे की पसरले आहे, चेहरा उजळला की उतरला, काय खावेसे वाटते, सगळ्यावर चर्चा होते. तिच्याच पर्समध्ये आरोग्य केंद्राचे माता-बाल संरक्षण कार्ड किंवा खासगी दवाखान्याची फाइल असते आणि त्यात हिमोग्लोबिनच्या रकान्यात, समजा, ८.९ लिहिलेले असते. हा आकडा सासू विचारत नाही, आई विचारत नाही आणि नवऱ्याला बहुधा ठाऊकही नसतो.

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. फराळाच्या ताटाशेजारी रक्ताच्या गोष्टी नकोत, हा संकेत जुना आहे. पण हा विषय मुळात ताटाचाच आहे, आणि थोडा दिवाळीच्या सुट्टीचाही.

गरोदर स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो ॲनिमिया, आणि ७ च्या खाली गेले तर तीव्र ॲनिमिया, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया या रेषेखाली आढळल्या, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर केलेली मोजणी कितपत भरवशाची, यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि तो रास्तही आहे. त्या वादाने प्रसूतिगृहातल्या बाईचे हिमोग्लोबिन मात्र वाढत नाही. त्याच पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, खासगी रुग्णालयांत तर ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५.४ टक्के आहे. सिझेरियन इतकी का वाढली, यावर आपल्याकडे हिरिरीने बोलले जाते. टेबलावर घेतलेल्या बाईच्या अंगात रक्त किती होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडतो.

गरोदरपणात रक्ताचे एकूण प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, पण त्यातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविकच. अडचण लोहाची असते. बाळ, वार आणि आईच्या वाढत्या तांबड्या पेशी यांना मिळून नऊ महिन्यांत सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. लग्नाआधीपासूनच ज्या मुलीचा साठा तळाला गेलेला आहे, तिने ते आणायचे कुठून? पाळीत जाणारे रक्त, सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणे, दोन बाळंतपणांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर, ही उधारी तिच्या खात्यावर आधीच चढलेली असते. माती, खडू, गेरू, कच्चे तांदूळ खाण्याचे डोहाळे घरात कौतुकाने सांगितले जातात. डॉक्टरच्या लेखी ते बऱ्याचदा लोह कमी असल्याचे लक्षण असते.

सिझेरियनमध्ये, सगळे सुरळीत पार पडले तरी, अर्धा ते एक लिटर रक्त जाऊ शकते. ४५ किलोच्या, लहान चणीच्या बाईच्या अंगात एकूण रक्तच साडेचार लिटरच्या आसपास. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त जात असते. वार सुटल्यावर गर्भाशय आवळले नाही तर लिटरभर रक्त जायला दोन मिनिटे पुरतात. ११ हिमोग्लोबिन असलेली बाई हा धक्का बहुतेक वेळा सोसते. ७ वालीला तेवढी सवलत नसते, कारण गेलेल्या प्रत्येक घोटाबरोबर मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचवणारे, आधीच अपुरे असलेले सामान वाहून जाते. शिवाय लोह नसलेले स्नायू नीट आवळत नाहीत, म्हणजे रक्तस्राव होण्याचा धोकाही तिलाच जास्त. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांत दहा हजारांहून अधिक ॲनिमिक स्त्रियांच्या नैसर्गिक बाळंतपणांची नोंद ठेवण्यात आली. ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र ॲनिमिया असलेल्या स्त्रिया मरण्याचे किंवा मरणाच्या दारातून परतण्याचे प्रमाण मध्यम ॲनिमियावाल्यांच्या सुमारे सातपट निघाले. तिथे पोटावर सुरीसुद्धा फिरलेली नव्हती.

आकडा मोजायचा कसा, याचीही एक गंमत आहे. कित्येक वर्षे उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे सालीची नळी असे. बोटातून काढलेले २० घनमिलिमीटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडात सोडायचे, दहाएक मिनिटे थांबायचे, तपकिरी रंग आला की थेंबथेंब पाणी घालत तो शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. रंग जुळला की नळीवरची रेघ वाचायची. खिडकीतून ऊन किती येते, पाहणाऱ्याची नजर कशी आहे, बाहेर किती बायका खोळंबल्या आहेत, या सगळ्यावर ती रेघ हलते. एकीच्या डोळ्याला ९.५ दिसते, दुसरीला १०.५. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल यंत्रे आली आहेत. पण एकदा मोजले, तिसऱ्या महिन्यात बरे होते, म्हणून सातव्यात पुन्हा मोजलेच नाही, ही चूक कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

या आजाराच्या इतिहासात मुंबईचे नाव ठळक आहे, आणि मुंबईकरांनाच ते फारसे माहीत नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर इथे आली. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमध्ये एक जीवघेणा ॲनिमिया दिसत होता, तो का होतो हे तिला शोधायचे होते. कोणती बाई काय खाते, याची तिने नोंद केली. जिथे फळे, भाज्या आणि प्रथिने कमी, तिथे आजार जास्त, हे तिच्या ध्यानात आले. प्राण्यांवरचे प्रयोग झाले, आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने आधी माकड, मग बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तिला ठाऊक नव्हते. पुढे तो घटक फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, त्याचे मूळ परळ-लालबागच्या चाळींतल्या अर्धपोटी बायकांच्या आजारात आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

गोळी फुकट आहे. १९७० पासून देशात लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम आहे, २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आहे. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस गोळी घ्यायची असते. घेतली जात नाही, कारण मळमळते, शौचाला काळी होते, पोट धरते. शिवाय गोळीने बाळ काळे होते, बाळ फार मोठे होऊन सिझर करावे लागते, या समजुती शेजारणीकडून चकटफू मिळतात. जी घेते ती बऱ्याचदा चहाबरोबर घेते, किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदमच गिळून मोकळी होते. दोन्हींमुळे लोह नीट शोषले जात नाही. गोळी दोन जेवणांच्या मधे, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ओपीडीत तेवढी मिळत नाहीत. आणि बीट लाल असते म्हणून ते रक्त वाढवते, या तर्काला आता निरोप द्यायला हरकत नाही. बिटात लोह फारच थोडे असते. खरे लोह अळिवात असते, पण अळीव आणि डिंकाचे लाडू आपण करतो बाळंतिणीसाठी, म्हणजे जे रक्त जायचे ते गेल्यावर.

सगळा ॲनिमिया लोहाचाच असतो असेही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलची तपासणी आधी हवी. काही समाजांत थॅलेसेमियाची.

वेळेचा हिशेब सरळ आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर साधारण तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढते. आठव्या महिन्यात लक्षात आले तर शिरेतून लोहाचे इंजेक्शन देता येते, पण त्यालाही काही आठवडे हवेतच. ऐन ऑपरेशनच्या रात्री हाती उरते ती रक्ताची पिशवी. एक पिशवी साधारण एकच ग्रॅम वाढवते. म्हणजे महिनाभराच्या फुकट गोळ्यांनी झाले असते तेवढेच. ती पिशवी जिल्ह्याच्या गावाहून यायची, गट जुळवायचा, क्रॉसमॅच करायचे. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त साठवणूक केंद्र असले तर ठीक. नसले तर ॲम्ब्युलन्सची वाट, रस्त्यावरचे खड्डे, आणि रक्तगट विचारत धावणारा नवरा.

इथेच दिवाळी येते. कॉलेजे बंद, कंपन्या बंद, मंडळांचे कार्यकर्ते गावी गेलेले. शिबिरे भरत नाहीत आणि रक्तपेढ्यांत टंचाई पडते. दरवर्षीच्या आवाहनांना सुट्टीच्या दिवसांत उत्तर कमी मिळते. बाळंतपणाला सुट्टी नसते. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, त्यामुळे उन्हाळ्यात दिलेले रक्त आता कामाला येत नाही.

वाचकांना दोन विनंत्या. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल तर तिचे शेवटचे हिमोग्लोबिन किती आणि ते कोणत्या महिन्यात मोजले, हे विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत तपासणी मोफत होते, तिथे तिला घेऊन जा. आणि वय १८ ते ६५ च्या दरम्यान, वजन ४५ किलोंहून जास्त आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल तर भाऊबीजेआधी जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्त द्या. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी ते पुन्हा देता येते.