काळी रेघ म्हणजे पांदण नव्हे



आर्णी भागाचा भारतीय सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा, एक इंचास एक मैल या मापाचा, आम्ही शेतकी खात्याच्या भिंतीवर लावला आहे. ऊसनोंदीला येणारे सभासद आधी आपले गाव शोधतात आणि मग हमखास विचारतात, "साहेब, ही काळी रेघ कुठली पांदण?"

ती पांदण नाही, नाला आहे. बारमाही पाण्याचा प्रवाह या नकाशात निळा, उन्हाळ्यात कोरडा पडणारा काळा. अरुणावतीकडे उतरणारे असे काळे नाले आज वावरात शोधायला जा, काही सापडतच नाहीत. कोणी बुजवले, कोणी ओढून धुऱ्याला नेले.

आमचे स्पष्ट मत असे की, खोडव्याच्या नुकसानीचा दोष आपण बेण्याला, खताला आणि आमच्या खात्याला देतो (आमच्या खात्याला जरा जास्तच), पण त्यातले बरेच या बुजवलेल्या नाल्यांमुळे होते. माती टाकली तरी खोलगट भागाकडेच वरच्या वावराचे पाणी येते. काळ्या जमिनीत वाफसा होत नाही, मुळ्या कुजतात, पुढे वर पांढरी खार दिसू लागते.

चूक आमचीही झाली आहे. अशाच एका बुजवलेल्या नाल्यावर आम्ही पूर्वहंगामी लागण करायला सांगितले, जमीन सपाट दिसली म्हणून! उगवण झकास झाली. श्रावणात ऊस पिवळा पडला. नकाशा तेव्हा कपाटात होता.

त्या नकाशात अरुणावतीचे धरण नाही, ते १९९४ साली झाले. ज्यांना कालव्याचे पाणी मिळते त्यांना तर निचरा पूर्वीपेक्षा जास्त हवा. आणि २२ जुलै २०२३ ला शेजारच्या महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले, हे विसरण्याइतके जुने नाही.

नकाशात सगळेच दिसते असे नाही. एका चौरस इंचात ६४० एकर, उंचीच्या रेषा ५० फुटांच्या अंतराने. तुमच्या वावरातला दोन फुटांचा उतार त्यात कुठला? त्यासाठी मोठा पाऊस उघडला की धुऱ्यावर उभे राहा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

एकट्याने चर खणून भागत नाही. खालच्याने अडवला की वरच्याचे वावर तुंबते. म्हणून पुढच्या नोंदीला येताना गावनकाशाची नक्कल आणा आणि खालच्या शेजाऱ्यालाही सोबत आणा, बोलचाल बंद असली तरी. जुन्या नाल्यातल्या वावराला चर काढल्याशिवाय आम्ही उसाची शिफारस करणार नाही.